देवासाठी चार फुलं

फुलं चोरणं हे पाप की पुण्य, या प्रश्नावर मी गेल्या वर्षी गणपतीपासून रथसप्तमीपर्यंत विचार केला. एका प्रश्नावर सलग पाच महिने विचार करण्याची माझी ही पहिलीच वेळ. लग्नाचा निर्णयसुद्धा मी कांदेपोह्यांची बशी रिकामी होईपर्यंत घेऊन टाकला होता.

आमची बाग म्हणजे फार काही नाही. तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी आपोआप मिळतात. एक म्हणजे वरच्या गॅलऱ्यांतून पडणारे रुमाल आणि दुसरी म्हणजे खिडकीखालची जमिनीची पट्टी. आमची पट्टी बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद आहे. तिच्या पुढे कमरेएवढी कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडे रस्ता. या बारा गुणिले तीनमध्ये मी एक जास्वंद, एक पारिजातक, एक रांग झेंडू आणि दोन रांगा शेवंती एवढा संसार मांडला आहे. त्यासाठी शेणखताचं पोतं स्कूटरवर पायांत ठेवून आणलं. जून महिन्यात शेवंतीच्या काश्या लावल्या. ऑगस्टमध्ये तिचे शेंडे खुडले. शेंडा खुडला की शेवंती चहूबाजूंनी फुटते, हे पुस्तकात वाचताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात वाढत्या रोपाचं डोकं उडवताना मला पोराला पहिल्यांदा न्हाव्याच्या खुर्चीवर बसवल्याची आठवण झाली.

एवढं सगळं कशासाठी? तर दसऱ्याला दाराला घरच्या झेंडूचं तोरण असावं, दिवाळीत उंबऱ्याबाहेर रांगोळी, वर आकाशकंदील आणि बाजूला फुललेली शेवंती असावी, आणि रस्त्यानं जाणारा-येणारा क्षणभर थांबून म्हणावा, "वा!" तेवढ्या एका 'वा'साठी मी शेणखताच्या वासात न्हालो होतो.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. रात्री झोपताना मी जास्वंदीच्या कळ्या मोजल्या होत्या. सात होत्या. सकाळी सात देठ होते. तिसऱ्या दिवशी मी पहाटे साडेपाचला खिडकीत दबा धरून बसलो. थोड्या वेळानं भिंतीपलीकडे एक आकडी लावलेली काठी उगवली. काठीमागून सत्तरीचे एक गृहस्थ उगवले. पांढरा सदरा, कपाळाला गंध, मनगटात कापडी पिशवी. माकडटोपीचा मोसम अजून सुरू व्हायचा होता, नाही तर तीही असती.

"अहो, काय करताय?" मी ओरडलो.

"फुलं तोडतोय," ते म्हणाले. मी जणू किती वाजले असं विचारलं होतं!

"ही आमची आहेत."

"असू द्यात. देवासाठीच नेतोय."

हे 'असू द्यात' मला फार लागलं. फुलं आमची असण्याचा जो अपराध माझ्या हातून घडला होता, तो त्यांनी मोठ्या मनानं पोटात घातला होता. फुलं बायकोच्या गजऱ्यासाठी नेतो म्हणाले असते, तर मी सोसायटीच्या सेक्रेटरींना उठवलं असतं. पण 'देवासाठी' म्हटल्यावर माणूस काय बोलणार? चोरीचा माल समजूनउमजून घेणाराही कायद्यानं गुन्हेगार ठरतो. म्हणजे फिर्याद करायची तर गणपतीलाही आरोपी करावं लागणार, आणि तो तर माझ्याच घरात पाटावर बसून मोदक खात होता.

घरात न्याय मिळेल म्हणून मी ही हकिगत बायकोला सांगितली.

"तुमचा मनी प्लांट कुठून आला?" तिनं विचारलं.

"ऑफिसातून. पण मनी प्लांट चोरूनच आणायचा असतो. त्याशिवाय तो वाढत नाही."

"आणि ही जास्वंद?"

जास्वंदीची फांदी मी एका थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलच्या आवारातून ओल्या रुमालात गुंडाळून आणली होती. पण फांदी आणणं म्हणजे चोरी नव्हे. तो वनस्पतींचा प्रसार. हे मी तिला समजावून सांगायला लागलो, तेव्हा ती मोदकांची उकड काढायला निघून गेली.

मग मी वरच्या मजल्यावरच्या शास्त्रीबुवांकडे गेलो. ते संस्कृतचे निवृत्त शिक्षक. म्हटलं, शास्त्र तरी माझ्या बाजूनं असेल. शास्त्रीबुवांनी चष्मा पुसला आणि एकेक दाखला काढायला सुरुवात केली. गौतमाचं धर्मसूत्र सांगतं की, गाईसाठी गवत, अग्नीसाठी सरपण आणि वेलीझाडांची फुलं माणसानं आपलीच समजून घ्यावीत. फळांना मात्र अट आहे. झाडाला कुंपण नसेल तरच फळं घ्यावीत.

"पण आमच्या फुलांना कुंपण आहे!"

"कुंपणाची अट फळांना आहे. फुलांना नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "आणि श्रीकृष्णानं पारिजातक कुठून आणला? इंद्राच्या बागेतून. विचारून?"

श्रीकृष्णानं तर अख्खं झाड उपटून आणलं होतं. झाड सत्यभामेच्या अंगणात आणि फुलं रुक्मिणीच्या. आपल्याकडे फुलांच्या मालकीचा घोळ असा थेट वरूनच चालत आलेला आहे. त्यानंतर त्यांनी पुष्पदंताची गोष्ट सांगितली. हा गंधर्व अदृश्य होऊन एका राजाच्या बागेतली फुलं रोज शंकरासाठी चोरायचा. राजानं वाटेवर शंकराचं निर्माल्य पसरून ठेवलं. त्यावर पाय पडला आणि गंधर्वाची अदृश्य होण्याची शक्ती गेली. तेव्हा क्षमा मागण्यासाठी त्यानं जे स्तोत्र रचलं, ते शिवमहिम्न.

"म्हणजे बघा," शास्त्रीबुवा म्हणाले, "फुलं चोरली नसती, तर महिम्न झालं नसतं."

आमच्या चोराच्या हातून असं काही होईल, याची मला खात्री वाटेना. पण गोष्टीतल्या राजाची युक्ती मात्र मला पटली. चोर दिसला पाहिजे! निर्माल्याच्या जागी मी खिडकीच्या गजाला, बरोबर वाफ्याच्या वर, एक लख्ख दिवा लावला. तिन्हीसांजेला लावायचा आणि उजाडल्यावर मालवायचा. रात्रभर माझी बाग एखाद्या मंगल कार्यालयासारखी झगमगू लागली.

दसऱ्याच्या आदल्या रात्री झेंडूची पन्नासेक टपोरी फुलं मी डोळे भरून पाहिली. सकाळी बारा राहिली होती, आणि तीही किडकी. दिव्याचा उपयोग झाला होता. त्याच्या उजेडात चांगली कुठली आणि वाईट कुठली, हे पिशवीकाकांना (एव्हाना घरात त्यांचं हे नाव पडलं होतं) नीट पारखता आलं. शेवटी पिशवी घेऊन मी मंडईत गेलो आणि दसऱ्याच्या भावानं झेंडू आणला. त्याचंच तोरण दाराला लावलं, त्याचीच माळ स्कूटरच्या गळ्यात घातली.

त्या संध्याकाळी शास्त्रीबुवा सोनं द्यायला आले. बाजारात आपट्याच्या नावानं पुष्कळदा कांचनाची पानं मिळतात, तशीच ती होती. मी झेंडूचं दुःख सांगितलं, तर ते म्हणाले, "अहो, आज लुटायचाच दिवस." आणि त्यांनी कौत्साची गोष्ट काढली. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा हव्या होत्या. त्या मागायला तो रघुराजाकडे आला. रघूची तिजोरी रिकामी होती, म्हणून तो कुबेरावर स्वारी करायला निघाला. कुबेरानं घाबरून आपट्याच्या झाडावर सोन्याचा पाऊस पाडला. रघू म्हणाला, सगळं घेऊन जा. कौत्सानं चौदा कोटी मोजून घेतल्या आणि उरलेल्याला हात लावला नाही. ते उरलेलं लोकांनी लुटलं. तेच आपण अजून लुटतोय. गोष्ट लहानपणापासून ऐकलेली होती, त्यामुळे मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माझं लक्ष स्कूटरच्या गळ्यातल्या विकतच्या माळेकडे होतं. मी दिवा काढून त्या जागी दुप्पट उजेडाचा लावला. झेंडू गेला तर गेला, शेवंती मी जाऊ देणार नव्हतो.

दिवाळीच्या चार दिवस आधी सोसायटीतली पोरं आली. "काका, किल्ल्यासाठी थोडी माती घेऊ?" मी म्हटलं, "घ्या." थोडी म्हणजे पोरांच्या हिशेबानं तीन घमेली. ती झेंडूच्या रिकाम्या रांगेतून गेली. वर वाफ्याच्या कडेच्या चार विटाही गेल्या, कारण सिंहगडाला बुरूज कमी पडत होता. शेणखत घालून, चाळून केलेली माती! पण मला राग आला नाही. उलट शेवटचं घमेलं मीच उचलून दिलं आणि किल्ल्यावर अळीव कसे पेरायचे, हेही दाखवलं. रात्री पडल्यापडल्या माझ्या मनात आलं, सात जास्वंदींसाठी ज्याचं रक्त उकळलं, तोच माणूस तीन घमेली मातीवर हसतो कसा? म्हणजे माझं दुःख वस्तू गेल्याचं नव्हतंच. मग ते कशाचं होतं?

दिवाळी आली. आकाशकंदील लागला, रांगोळी झाली, पणत्या लागल्या. शेवंती मात्र हिरवीगार राहिली. औषधाला एक कळी नाही. समोरच्या इमारतीतली शेवंती पिवळीधमक झाली होती. माझीच तेवढी पाना-पानांनी वाढत होती. मी खत वाढवलं, पाणी कमी केलं, मग पाणी वाढवून खत कमी केलं. आणि सगळ्यात अपमानाची गोष्ट म्हणजे, उरलेल्या काश्या खोचून न्हाणीघराच्या मागं टाकून दिलेली एक फुटकी कुंडी तिकडच्या अंधारात कळ्यांनी भरून गेली होती.

तुळशीच्या लग्नाच्या सकाळी दारावरची बेल वाजली. दारात पिशवीकाका उभे होते. आता माकडटोपीही होती.

"तुमच्या शेवंतीला यंदा कळ्या नाहीत," ते म्हणाले. दुधाचा रतीब चुकला की आपण गवळ्याशी ज्या स्वरात बोलतो, त्या स्वरात.

"मग?"

"दिवा बंद करा. झोपू द्या तिला."

त्यांनी आयुष्यभर फुलझाडांचीच नोकरी केली होती. उंबऱ्यात उभ्या उभ्या त्यांनी मला सांगितलं की, शेवंती थंडीनं फुलते हा आपला समज. खरं तर ती रात्र मोजते. दिवस आखडू लागले आणि रात्र पुरेशी लांबली की तिच्या पोटात कळी धरते. काही झाडं दिवसाच्या लांबीप्रमाणे फुलतात, हे १९२० साली गार्नर आणि अॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनच्या झाडांवरून दाखवून दिलं. मोठमोठे फूलवाले तर शेवंतीला मुद्दाम रात्रीचा दिवा दाखवून तिचं फुलणं लांबवतात, म्हणजे हवी तेव्हा फुलं बाजारात आणता येतात. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला, तरी तिला वाटतं रात्र संपली.

"तुम्ही तर तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत लावता," काका म्हणाले. "दोन-अडीच महिने तिला रात्रच झालेली नाही."

म्हणजे फुलं चोरीला जाऊ नयेत म्हणून जो दिवा मी लावला, त्यानं फुलंच होऊ दिली नाहीत! चोरानं निदान देवासाठी नेली असती. माझ्या पहाऱ्यानं ती कुणालाच मिळाली नाहीत, मलाही नाही. मी त्यांना आत बोलावलं. बायकोनं चहा ठेवला.

"एक विचारू?" मी म्हटलं. "फुलं नेता, ते विचारून का नेत नाही?"

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. "विचारलं असतं तर दिली असतीत?"

'दिली असती' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली बायको माझ्याकडे बघताना दिसली. आदल्या वर्षी हरतालिकेला वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी चार फुलं मागितली होती, तेव्हा मी म्हणालो होतो, "आज नको, उद्या बघू." हरतालिकेची पूजा उद्या नसते, हे मला माहीत होतं.

"नसती दिली," मी म्हटलं.

"म्हणून विचारलं नाही. नाही म्हटल्यावर नेली, तर ती चोरी. न विचारता नेली, तर तुम्ही निदान नाही म्हणाला नव्हतात, एवढं तरी राहतं."

ते गेल्यावर मी बराच वेळ वाफ्याशी बसून होतो. मी नाही म्हणणार म्हणून ते विचारत नव्हते, आणि ते न विचारता नेतात म्हणून मी नाही म्हणायला तयार बसलो होतो. यात आधी कुणाचं चुकलं? बाग मी माझ्यासाठी केली असती, तर ती मागं केली असती, न्हाणीघरापाशी. ती केली रस्त्याच्या कडेला. आकाशकंदील आपण घराबाहेर टांगतो आणि त्याचा निम्मा उजेड रस्त्यावर सांडतो. रांगोळी उंबऱ्याबाहेर काढतो आणि ती तुडवली जाणार, हे काढतानाच माहीत असतं. दाराबाहेर जे मांडलं, त्यातला काही भाग मांडतानाच दुसऱ्याचा झालेला असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याकडून मी 'वा' घेत होतो. त्या 'वा'चे पैसे मी कुणाला दिले होते?

आणि 'माझी फुलं' तरी कितपत माझी? ज्याच्यावाचून आपला दसरा होत नाही, तो झेंडू मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतली माणसं नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत आपल्या पितरांसाठी त्याच्या राशी घालतात. शेवंती मुळात चीनकडची. कोण कुणाला विचारून कुठं गेलं, याचा हिशेब मांडायला बसलो, तर तोरणात आंब्याची पानं तेवढी उरतील. फूल असंच हातोहात फिरत आलेलं आहे. पण म्हणून विचारायचंच नाही का? पोरांनी 'घेऊ?' म्हटलं, तेव्हा तीन घमेली माती देताना मला हलकं वाटलं होतं. न विचारता गेलेल्या सात जास्वंदींचं ओझं अजून डोक्यावर होतं. मला राग होता तो माझी देण्याची संधी गेल्याचा. आणि ती संधी मी स्वतः किती वेळा वापरली होती, हे हरतालिकेनं सांगितलंच होतं.

त्या संध्याकाळी मी दिवा काढून टाकला. बागेवर कित्येक दिवसांनी अंधार पडला. संक्रांतीला शेवंतीच्या कळ्यांनी रंग दाखवला. रथसप्तमीला दोन्ही रांगा अशा फुलल्या की, दूधवाला सायकल टेकवून म्हणाला, "वा!"

त्याच सकाळी पिशवीकाका आले. या खेपेला भिंतीपलीकडून नव्हे, फाटकातून. आकडी घरी ठेवून आले होते.

"देवासाठी घेऊ का थोडी?"

"घ्या की. विचारता काय!" मी म्हणालो आणि माझी मलाच जीभ चावावीशी वाटली.

त्यांनी दोन फुलं खुडली. फक्त दोन. दसऱ्याला पिशवी भरून झेंडू नेणारा हाच माणूस! मी म्हटलं, "अहो, घ्या ना आणखी. एवढी आहेत."

"नको," ते म्हणाले. "मागून घेतलीयत."

ते गेल्यावर मला कौत्स आठवला. समोर सोन्याचा ढीग पडलेला असताना चौदा कोटी मोजून घेणारा तो मुलगा मला लहानपणापासून जरा बावळटच वाटत आला होता. पण तो मागायला आला होता. मागणाऱ्याला मोजावं लागतं. मोजमाप नसतं ते लुटणाऱ्याला. पाप आणि पुण्य यांचा निकाल शास्त्रीबुवा लावोत. मला पाच महिन्यांत कळलं ते एवढंच, आणि त्याचा दुसरा भाग असा की, मागणारा यावा असं वाटत असेल, तर देणाऱ्यानं आपला दिवा थोडा मंद करावा लागतो. वरच्या वहिनींना मी त्याच दिवशी ओंजळभर शेवंती नेऊन दिली. "आज काय विशेष?" त्यांनी विचारलं. "हरतालिका," मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही.

हे सगळं पचल्यावर मला मनी प्लांट टोचू लागला. शेवटी मी धीर करून जुन्या ऑफिसातल्या आमच्या हेडक्लार्कांना फोन लावला. त्यांच्या टेबलावरच्या बाटलीतून बारा वर्षांपूर्वी मी एक वेल तोडून नेली होती, हे कबूल केलं आणि आता का होईना, परवानगी मागितली.

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"घ्या हो, घ्या," ते म्हणाले. "पण ती देण्याचा अधिकार माझा नाही. मीही ती कुठून तरी उचलूनच आणली होती. कुठून ते विचारू नका."